पेवाच्या तोंडाशी

एका शब्दापाशी आम्ही अडलो आणि त्या शब्दाने आम्हांस थेट आजोबांच्या वाड्यात नेऊन सोडले. झाले ते असे. आमची भाची वास्तुशास्त्र शिकते. ग्रीस देशातल्या सांतोरिनी बेटावर वाइन साठविण्याच्या ज्या जुन्या वास्तू आहेत, त्यांवर तिने प्रबंध लिहिला. त्याचा मराठी सारांश तिला हवा होता, आणि कुटुंबात मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक रिकामा बसलेला असल्याने हे काम आमच्याकडे येणे क्रमप्राप्तच होते. पहिल्याच पानावर 'कानावा' हा शब्द आला. त्याला मराठीत काय म्हणावे?

कानावा म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. सांतोरिनी हे ज्वालामुखीच्या उद्रेकातून उरलेले बेट आहे. एजियन समुद्रातले, वाऱ्याने झोडपलेले, जवळजवळ बिनझाडांचे आणि पावसाला पारखे. तेथे द्राक्षाचा वेल मांडवावर चढवीत नाहीत. तो जमिनीलगत टोपलीसारखा गोल वळवितात, म्हणजे वाऱ्याचा मार घडांना लागत नाही आणि पहाटेचा ओलावा आत धरून राहतो. द्राक्षे ऑगस्टातच खुडतात. पूर्वी ती खेचरांच्या पाठीवरून गावात येत आणि कानाव्यात उतरत. ज्वालामुखीच्या राखेचे तेथे जाड थर आहेत. ते कोरायला सोपे आणि कोरल्यावर उभे राहणारे. त्यांत खोल, कमानदार छताच्या लांबट गुहा खोदल्या, त्याच कानावा. आत एक दगडी हौद असतो. त्यात द्राक्षे ओतून ती पायांनी तुडवायची, रस खालच्या हौदात उतरवायचा, आणि पुढे लाकडी पिंपांत भरून त्याच अंधारात, त्याच गारव्यात मुरत ठेवायचा. उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची जी गोड वाइन तेथे होते, ती एके काळी रशियातल्या चर्चमध्ये प्रसादविधीसाठी जात असे. १९५६ च्या भूकंपात बेटावरची गावे मोडली आणि पुष्कळ लोक बेट सोडून गेले. मग पर्यटक आले. आज अनेक कानाव्यांची हॉटेले आणि उपाहारगृहे झाली आहेत.

आम्ही आधी 'तळघर' लिहिले. खोडले. तळघर हे घराच्या खाली असते, त्याला घराचा आधार लागतो. 'कोठार' लिहिले. कोठाराला भिंती असतात, ते जमिनीवर उभे असते. 'बळद' हा शब्द सुचला. वाड्याच्या दुहेरी भिंतींच्या पोटात धान्य ठेवायची ती जागा, वरून ओतायचे आणि खालच्या भोकातून काढायचे. तोही जमेना. कानाव्यात माती कोरलेली आहे. बाहेरून काही आणून तेथे काही बांधलेले नाही. जमीन पोखरून तिच्याच पोटात पीक ठेवायचे, ही कल्पना सांगणारा शब्द हवा होता. तेव्हा फार वेळाने, आणि खरे तर नाइलाजाने, 'पेव' आठवले.

नाइलाजाने अशासाठी की, हा शब्द आता वर्तमानपत्रांनी वापरून वापरून पार गुळगुळीत केलेला आहे. शिकवणी वर्गांचे पेव फुटते, अभियांत्रिकी महाविद्यालयांचे पेव फुटते, बोगस डॉक्टरांचे पेव फुटते. पेव म्हणजे काय, हे आम्ही वर्गात अनेक वर्षे विचारीत आलो. कोणी वारूळ म्हणे, कोणी गळू म्हणे. 'फुटते' म्हटल्यावर गळू सुचणे स्वाभाविकच. एका मुलीने 'पोळे' असे उत्तर दिले होते आणि मधमाश्यांचे चित्र डोळ्यांपुढे आणून तिने त्या वाक्प्रचाराचा अर्थ बिनचूक सांगितला होता. या सगळ्यांत पेव पाहिलेला मुलगा एकही नव्हता, आणि ही बीड जिल्ह्यातली मुले होती, ज्यांच्या पणजोबांचे वर्ष पेवावर कडेला गेलेले असणार.

तेव्हा पेवाविषयीही सांगितले पाहिजे.

गाव ज्या उंचवट्यावर वसते ती पांढरी, आणि पिके येतात ती काळी, हा भेद आपल्याकडे जुना आहे. पेव पांढरीत खणत, नाहीतर घट्ट मुरमात. काळी माती ओल धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ती पेवाला चालत नाही. तोंड अरुंद, जेमतेम एक माणूस उतरेल एवढे, आणि आत पोट सुटलेले, एखाद्या रांजणासारखे. खोली दोन पुरुषांची, कधी अधिक. भिंती शेणामातीने लिंपायच्या, आत जाळ करून त्या खडखडीत वाळवायच्या, बुडाशी आणि कडेने काडाचा, भुशाचा जाड थर द्यायचा आणि मग ज्वारी ओतायची. रब्बीची ज्वारी फाल्गुन-चैत्रात खळ्यावर येई, त्यामुळे पेव भरायचे काम उन्हाळ्यात, पावसाच्या आधी उरके. तोंडावर पुन्हा काड, त्यावर फरशी, फरशीवर चिखल, आणि वर मातीचा उंचवटा, पाणी बाजूला वाहून जावे म्हणून. असे नीट बुजवलेले पेव दोन-तीन वर्षे उघडले नाही तरी दाणा खाण्याजोगा राही. कडेचा थर काळा पडे, त्याला कुबट वास येई, तो गुरांना जाई. मधला दाणा चांगला निघे.

हे कसे होते, याचे कारण साधे आहे. दाणा जिवंत असतो, तो श्वास घेतो. बंद पोकळीतला प्राणवायू दाणे आणि त्यांतले किडे मिळून संपवितात, कर्बवायू वाढतो आणि किडे मरतात. औषधाची पूड न टाकता धान्य टिकते ते असे. पण ज्या हवेत किडा जगत नाही त्या हवेत माणूसही जगत नाही. पेव उघडल्यावर ते काही वेळ तसेच ठेवायचे, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा, आणि ज्योत विझली तर कोणी उतरायचे नाही, हा नियम घरोघर ठाऊक होता. तो मोडून उतरलेली माणसे वर आली नाहीत, असे किस्से गावोगाव आहेत. द्राक्षाचा रस आंबतानाही हाच वायू सुटतो. वाइनच्या तळघरांत मेणबत्ती घेऊन उतरण्याची रीत युरोपात होती, हे वाचताना आम्हांस आजोबांचा कंदील दिसला.

पेव एकट्या मराठवाड्याचे नव्हे. खाली कन्नड मुलखात त्याला 'हगेवु' म्हणतात. सांगलीजवळच्या हरिपुरात तर हळदीची पेवे होती. शेकड्यांनी पेवे, आणि त्यांत पोत्यापोत्यांनी हळद. २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळशी निकामी झाली. हळदीचा व्यापार चालू राहिला, २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले, पण हळद आता गोदामांत आणि शीतगृहांत राहते. आमच्या जिल्ह्यात पेवे गेली ती पुराने नव्हे. पेवात राहणारे पीकच हळूहळू मागे सरले. संकरित ज्वारी आली, ती लवकर पिके आणि पावसात सापडून काळी पडे. त्यानंतर कापूस आला, सोयाबीन आले. ही पिके घरात ठेवण्याची नव्हेतच, ती विकण्याची. पोती आली, वखारी आल्या, रेशनचे दुकान आले. गावात काँक्रीटचे रस्ते झाले तेव्हा पेवांची तोंडे त्यांखाली गेली.

बीडची खजाना बावडी, कंकालेश्वर, धारूरचा किल्ला, अंबाजोगाईला जपलेली दासोपंतांची पासोडी, यांची नावे जिल्ह्याच्या कोणत्याही पुस्तकात सापडतील. पेवाचे नाव सापडणार नाही. जमिनीवर त्याचे काहीच दिसत नाही, मग नोंद कशाची करणार?

भाचीला हे सारे सांगितले तेव्हा ती हरखली. "मामा, तुमच्या वाड्यात असेल ना एखादं? आपण त्याचं मोजमाप घेऊ, रेखाटन करू." आम्हीही हरखलो. कारण आमच्या वाड्यातल्या पेवाची गोष्ट आमच्या घराण्याची आवडती गोष्ट होती.

ती गोष्ट अशी. १९७२ चा दुष्काळ. बायाबापड्या खडी फोडायला जात होत्या. कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो. त्या साली आमच्या आजोबांनी वाड्यातली दोन पेवे उघडली आणि गावाला ज्वारी वाटली. आमच्या घरात त्यांचा उल्लेख 'गावचे दामाजी' असाच होई. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बीदरच्या बादशहाची धान्याची कोठारे भुकेल्यांना खुली केली, आणि मग खुद्द विठ्ठल महाराचे रूप घेऊन बादशहाकडे पैसे भरायला गेला, ही कथा महाराष्ट्रात कोणास सांगावी लागत नाही. आम्ही दामाजी शिकवताना आजोबांचे उदाहरण देत असू. इतकेच नव्हे, गावच्या शाळेच्या स्मरणिकेत आम्ही 'पेवाचा धनी' या शीर्षकाचा लेखही लिहिला होता. दुष्काळात आम्ही नऊ-दहा वर्षांचे होतो. पेव उघडल्याचा तो उग्र वास आणि वाड्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्या आम्हांस स्वच्छ आठवतात, असे त्या लेखात आहे. ते खोटे नाही. वास आणि गाड्या आजही आठवतात.

गेल्या माघात आम्ही दोघे गावी गेलो. आमचे गाव धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. वाड्याची माळवदे बसली आहेत, चौकात बाभळी उगवल्या आहेत. पेवांची जागा आम्हांस अंदाजानेसुद्धा दाखविता येईना. शेवटी शेजारच्या काकूंना बोलावून आणले. त्यांचे यजमान आमच्याकडे सालगडी होते. काकूंचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. काठी टेकत आल्या, बाभळीच्या बुंध्यापाशी थांबल्या आणि काठीने दोन जागा दाखविल्या. भाची टेप घेऊन वाकली. तिला काही सापडणार नव्हते, भिंत पडून दोन्ही तोंडे दगडमातीखाली गेली होती.

आम्ही भाचीला उद्देशून म्हणालो, "बाहत्तर साली आजोबांनी ही पेवं गावासाठी उघडली."

काकू काही क्षण बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बापू, तुमी ल्हान होता तवा. एक उघडलं व्हतं, हे. दिढीनं दिली ज्वारी. आमी बी नेली, दोन मण. पुढच्या सालाला तीन मण घातली."

"आणि दुसरं?"

"ते नाय उघडलं. मालक म्हनायचे, पुढलं साल बी असंच गेलं तर? मग पाऊस आला, लई आला. तोंड खचलं आन पानी शिरलं. काढलं तवा सगळं काळं. वास तर गावभर. गाड्या भरून वढ्याला नेऊन टाकलं." मग त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि समजूत घालावी तशा म्हणाल्या, "आमी बाया गेलो व्हतो वढ्यावर. चाळून चाळून काढली थोडी. धुतली, वाळवली. खाल्ली की. भाकर कडू लागायची."

भाचीने टेप गुंडाळून पिशवीत ठेवली. आम्ही काकूंना पोहोचवायला त्यांच्या घरापर्यंत गेलो. त्यांनी चहा केला. त्या दिवशी त्या विषयावर पुढे काही बोलणे झाले नाही.

परतताना आम्ही आमच्याच आठवणीची उलटतपासणी करीत होतो. वास आणि गाड्या, एवढे दोनच आमच्या मालकीचे होते. ताज्या उघडलेल्या चांगल्या पेवाला इतका उग्र वास नसतो, हे आम्हांस आता कळते. तो कुजल्या ज्वारीचा वास होता आणि गाड्या निघाल्या त्या ओढ्याकडे. बाकीची गोष्ट मोठ्यांनी सांगितली, आम्ही ती त्या वासाला आणि त्या गाड्यांना जोडली. दामाजीची कथा आयती होतीच. तिच्या साच्यात आजोबा नीट बसले. साहित्य शिकविणाऱ्याने खरे तर येथेच सावध व्हायला हवे होते. एखादी घटना जुन्या कथेत इतकी चपखल बसते तेव्हा तिचे कोणते कोपरे छाटले गेले, हे पाहणे हेच तर आमचे काम. ते आम्ही इतरांच्या लेखनाबाबत तीस वर्षे करीत होतो.

आजोबांना दुष्ट ठरवून मोकळे व्हावे, असेही आम्हांस वाटत नाही. पुढचे साल कसे जाईल हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि दिढीने धान्य देणे तेव्हा अन्याय म्हणून कोणी करीत नसे. ती रीत होती. आषाढात दीड पटीच्या बोलीवर न्यायचे, सुगीला फेडायचे. पण रीत कोणाच्या बाजूची होती, हे विचारायला हवे. 'कणगीत दाणा तर भिल उताणा' ही म्हण आम्ही वर्गात आळसाचे उदाहरण म्हणून सांगत आलो. ती कोणी रचली असेल? ज्याच्या कणगीत दाणा कधीतरीच पडतो, तो ती रचणार नाही. ज्याला दुसऱ्याच्या घरी दाणा असणे खुपते, कारण त्या दिवशी माणूस कामावर येत नाही, त्याची ती म्हण आहे. बलुतेदारांना, सालगड्यांना पेव नव्हते. त्यांचा वाटा खळ्यावर मिळे आणि दिवाळीपर्यंतही पुरत नसे.

या जागी आम्हांस भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा पुन्हा आठवली. शेतकरी बाजारात टोमॅटो आणतो, भाव मिळत नाही, आणि संतापाने तो आपलाच माल पायांखाली तुडवितो. सांतोरिनीच्या कानाव्यातही फळ पायांखालीच तुडविले जाते, रस वाहतो, पण तेथे खाली हौद आहे आणि पुढे पिंप आहे. तुडविलेल्या द्राक्षाला पुढची वर्षे मिळतात. चंदनशिवांच्या शेतकऱ्यापाशी संध्याकाळपर्यंतसुद्धा थांबायची सोय नाही. आमच्या बालाघाटातल्या सीताफळाचेही तेच. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे, पण झाडावरून उतरलेले सीताफळ दोन-चार दिवसांत मऊ पडते आणि पाट्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसलेल्या बायांना मिळेल त्या भावाला ते द्यावेच लागते. साठविणे म्हणजे वाट पाहता येणे. कोणाला वाट पाहता येते आणि कोणाला येत नाही, यावर भाव ठरतो.

पेवे बुजली तरी हा भेद बुजलेला नाही. दसरा-दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. जाताना धान्याची पोती, चुलीची भांडी आणि लेकरे बरोबर असतात. निघण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि हंगामभर कोयता चालवून ती फेडायची असते. न फिटली तर पुढच्या हंगामावर जाते. काकूंच्या दोन मणांचे तीन मण झाले होते. त्यांचा नातू आता उचल घेतो. ज्वारीच्या जागी रोकड आली, हिशेबाची चाल ओळखीची आहे.

भाचीच्या प्रबंधात कानाव्याच्या भिंतींची जाडी आहे, कमानींची उंची आहे, आतल्या तापमानाचे तक्ते आहेत. सगळे उत्तम आहे. गावाहून आल्यावर आम्ही तिला एवढेच विचारले की, द्राक्षे कोणाची होती, तुडविणारे पाय कोणाचे होते, आणि वाइन मुरेपर्यंत थांबण्याची ऐपत बेटावर कोणापाशी होती, याचे काही सापडले का? ती म्हणाली, "मामा, मी त्या अंगाने पाहिलंच नाही. आता पाहीन." तिला आम्ही काय बोलणार? आम्ही तर आपल्याच वाड्यात तसे पाहिले नव्हते.

सारांशात आम्ही शेवटी 'कानावा' हाच शब्द ठेवला आणि पहिल्या वेळी त्याचा अर्थ लिहिला: राखेच्या थरांत कोरलेली, द्राक्षे तुडविण्याची आणि वाइन मुरविण्याची जागा. 'पेव' लिहिले नाही. दोन्ही जागा जमिनीच्या पोटात असल्या तरी पेवात काही मुरत नाही, ते फक्त टिकते किंवा कुजते. शिवाय पेव म्हटले की आता आमच्या नाकात तो वास येतो, आणि तो ग्रीक द्राक्षांवर लादणे बरे नव्हे.

राहिली स्मरणिका. 'पेवाचा धनी' हा लेख तीत छापलेला आहे, शाळेच्या कपाटात त्याच्या प्रती असतील, आणि कोणी विद्यार्थी तो वाचून आमच्या आजोबांना दामाजी समजत असेल. स्मरणिकांची दुसरी आवृत्ती निघत नाही. म्हणून दुरुस्ती येथे नोंदवितो. १९७२ साली आमच्या वाड्यातल्या दोन पेवांपैकी एकच उघडले गेले, आणि त्यातली ज्वारी दिढीने दिली गेली. दुसरे पुढच्या पावसाळ्यात कुजले. त्यातले जे थोडे खाण्याजोगे निघाले ते ओढ्याच्या काठी बसून गावातल्या बायांनी चाळून काढले. ते कोणी त्यांना दिले नव्हते.